चेनसॉच्या कार्बोरेटरबद्दल एक स्टार दिलेल्या दादांना उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. नवीन कार्बोरेटरचे १,८५० रुपये घेतले, दोन दिवस सांगून चार दिवस मशीन ठेवली, आधीसारखा आवाज राहिला नाही, आणि आठ दिवसांत गरम झाली की स्लोला (ट्रिगर न दाबता नुसती चालू असताना) रेस आपोआप वर-खाली व्हायला लागली, म्हणून गावातल्या एकाकडून कार्बोरेटरचा एच स्क्रू (फुल रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) आवळून आणि स्लो वाढवून घेतलं, आता झकास कापते फक्त रेस सोडली तरी चेन थोडी फिरते, असं तुम्ही लिहिलंय. पैशाचं नंतर बोलू, आधी एक ऐका, या सेटिंगवर ती मशीन अजिबात चालवू नका.

टू स्ट्रोकला, म्हणजे तुमच्या मशीनसारख्या इंजिनला, मोटारसायकलसारखं वेगळं इंजिन ऑइल नसतंय ओ, पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळता तेवढंच पिस्टनला मिळतं. एच स्क्रू आत गेला की फुल रेसला पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे ऑइल पण कमी. मशीन किंचाळते, ताकद वाढली असं वाटतं आणि आत पिस्टन तापून चरे पडत असतात, एक दिवस लाकडातच जाम होते. मग पिस्टन, रिंगा, सिलिंडर सगळं आलं. तुम्ही पहिल्यांदा आणली तेव्हा टॅकोमीटरवर मिनिटाला १३,००० फेऱ्यांच्या वर जात होती, तुमच्या मशीनच्या पुस्तकात कमाल ११,५०० दिलेत. आम्ही मुद्दाम त्याच्या जरा खाली ठेवली. मोकळ्या फुल रेसला थोडी फडफड ऐकू येते आणि लाकडात घातली की आवाज साफ होतो, हीच बरोबर सेटिंग. पण हे तुम्हाला मशीन देताना लाकूड कापून दाखवायला पाहिजे होतं, पोराने नुसती चालू करून हातात दिली. तिथं आम्ही कमी पडलो.

आणि रेस सोडल्यावर चेन फिरते हे तर लई वाईट, स्लोला चेन थांबलेलीच पाहिजे. झाडावर चढून फांद्या उतरवणारी माणसं तुमच्याकडे आहेत, पाऊस सुरू झाला की राधानगरी रोडला काय काय आडवं होतं तुम्हाला माहीत आहे, तसल्या निसरड्यात फिरती चेन घेऊन कुणी पाय टाकायचा?

आता आमची खरी चूक सांगतो. गरम झाल्यावर रेस आपोआप वर-खाली होणं हे बऱ्याचदा बाहेरून हवा ओढल्याचं लक्षण असतं. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी बूट चिरला किंवा क्रँकचं सील गेलं की जादा हवा आत जाते आणि कार्बोरेटर कितीही चांगला असला तरी ट्यूनिंग टिकत नाही. जॉबकार्ड काढून बघितलं, कार्बोरेटर बदलला, पेट्रोलची नळी आणि टाकीतला फिल्टर बदलला, पण बूट वाकवून बघितल्याची आणि प्रेशर टेस्टची (हवा भरून कुठून गळते ते बघायची) नोंदच नाही. म्हणजे केलेली नाही. गर्दी होती हे कारण मी देणार नाही. आणि आधीच हवा जास्त जात असेल त्यात वरून स्क्रू आवळलेला, म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

जुना कार्बोरेटर मात्र उगाच बदलला नाही दादा. आतला पडदा पत्र्यासारखा कडक झालेला, निडलखाली बसायची जागा झिजलेली, नुसतं रिपेअर किट (पडदा, निडल वगैरे) टाकून भागलं असतं तर ४०० रुपयांत तुम्हाला मोकळं केलं असतं. तो अजून आमच्याकडे ठेवलाय, स्वतः बघा. मागच्या सीझनचं मिक्स पेट्रोल टाकीत तसंच राहिलेलं, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतंय, ते पाणी धरतं, रबर खराब करतं. महिनाभर मशीन बंद ठेवणार असाल तर टाकी रिकामी करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, मगच ठेवायची.

उद्यमनगरला दुकानावर कधीही या, सकाळी ९ ला आलात तर बरं, थंड मशीन चालू होते कशी ते पण बघायचंय. टेस्ट आणि ट्यूनिंगची मजुरी घेणार नाही, बूट चिरलेला निघाला तर तो पण आमच्याकडून, सील गेलं असेल तर फक्त सीलचे पैसे. तुमच्यासमोर जाड ओंडका कापून दाखवतो आणि मगच देतो. येताना कॅनमधलं मिक्स पेट्रोल पण घेऊन या, तुमच्या मशीनला लिटरला ४० मिली टूटी लागतं, तेवढं पडतंय का ते एकदा बघूया.