पोट साफ, बिल नामंजूर

आज सकाळी अकाउंट्सच्या काकांनी माझं बिल परत केलं. लाल शाईचा शेरा : 'वैयक्तिक वापराची वस्तू. नामंजूर.'

वस्तू म्हणजे मेथिलसेल्युलोज. अस्थिमज्जेच्या पेशी या घट्ट, चिकट माध्यमात पसरून ३७ अंशांवर ठेवायच्या. पातळ द्रवात लेकी, म्हणजे एका पेशीच्या विभाजनातून झालेल्या नव्या पेशी, वाहून कुठेही जातात. इथे आईला बिलगून राहतात, म्हणून कुठल्या पेशीने काय वाढवलं ते मोजता येतं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, नेटवर बघितलं मी. हे पोट साफ व्हायचं औषध आहे."

"त्यासाठीही वापरतात काका, पण..."

"वापरतात ना? मग संपलं."

"आम्ही यात पेशी वाढवतो. एका पेशीपासून साधारण पन्नास जमल्या की तो पुंजका म्हणजे वसाहत धरायची."

"किती दिवसांत?"

"माणसाच्या असतील तर चौदा."

"आणि पन्नासाला एक कमी पडली तर?"

"मग नाही धरत."

इथे पहिल्यांदाच काकांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. नियम म्हणजे नियम! मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला, "आमच्या हिला फार त्रास आहे हो. इसबगोल बरं, की हे तुमचं?" मागच्या रांगेतून लगेच एरंडेल आलं, कोमट पाणी आलं, कुणाच्या तरी सासऱ्यांचा अनुभवही आला. माझं बिल तेवढं तिथेच.

१९६६ साली मेलबर्नमध्ये ब्रॅडली आणि मेटकाफ या संशोधकांनी उंदरांच्या मज्जेच्या वसाहती अगारमध्ये वाढवल्या. अगार, म्हणजे आपलं चायना ग्रास. आमच्या काकांनी तेव्हाच 'खाद्यपदार्थ' म्हणून बिल फेटाळलं असतं. पुढे याच वसाहतींच्या मागावरून जी-सीएसएफ हे पांढऱ्या पेशी वाढवणारं प्रथिन हाती लागलं. आज केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की त्याचंच इंजेक्शन देतात.

हसू येतं, पण नमुना काही कपाटातून काढत नाहीत. कुणाच्या तरी कमरेच्या हाडात सुई घालून तो काढलेला असतो, आणि त्या पेशी तीन कोटेशनं येईपर्यंत थांबत नाहीत. फेलोशिप मात्र दिवाळीपासून थांबलीय, तिच्यावर कुणाचा लाल शेरा नाही.

तोडगा काकांनीच काढला : हमीपत्र. 'सदर पदार्थ मी पोटात घेणार नाही.' टाइप करून तयार आहे. खाली विभागप्रमुखांची सही हवी, आणि ते सोमवारपर्यंत परिषदेला गेलेत.