'पाव' पायावरून आलेला नाही

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल पुन्हा तोच मेसेज आला. पीठ पायाने तुडवतात म्हणून 'पाव'! खाली एका काकांनी लिहिलं, "नाही रे, चार भाग करतात म्हणून पाव." दोन्ही चूक. पण पहिलं मला मनापासून लागतं, कारण आमच्या गल्लीतल्या बेकरीत मी पहाटे उभा राहून पाहिलंय. कोपरापर्यंत मैदा माखलेले हात, एकाला एक चिकटून ट्रेमध्ये बसवलेले गोळे. भट्टीतून लादी निघते आणि एक पाव सोडवला की त्याची पांढरी बाजू तंतू तंतू होऊन सुटते. त्या मेहनतीवर अशी किळस का चिकटवायची?

शब्द पोर्तुगीज आहे. तिथे ब्रेडला नाकातून 'पांव' म्हणतात. मूळ लॅटिन 'पानिस'. त्याचंच स्पॅनिशमध्ये 'पान', इटालियनमध्ये 'पाने'. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. तिथे यीस्ट नव्हतं, तेव्हा पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली गेली. गोव्यात पाव विकणारा पोदेर हाही त्यांच्याच 'पादेइरो'वरून आला. कोकणीत अजून 'पांव' आहे, गुजरातीतही अनुस्वार टिकलाय. मराठीत तो गळला, आणि हा पाहुणा आपल्या घरच्या 'पाव'सारखा दिसू लागला. सगळा घोटाळा तिथला.

हेच पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. जपानी माणूस आजही ब्रेडला 'पान' म्हणतो. जपानीत पायाला 'आशि' म्हणतात. तिथे ही पायाची गोष्ट रचताच येणार नाही. जपानीतून तो कोरियनमध्ये गेला, 'प्पांग' झाला. एवढासा शब्द, केवढा हिंडला!

पाय खरंच दडलाय तो पावशेरातल्या पावात. संस्कृत 'पाद' म्हणजे पाय. जनावराच्या चारांतला एक, म्हणून चौथा हिस्सा. सपाद म्हणजे पावासकट, त्याचं झालं सव्वा. पादोन म्हणजे पाव कमी, त्याचं झालं पाऊण. बाजारात रोज हे शब्द आपल्या तोंडात असतात.

आणि देवाला आपण "पाव रे" म्हणतो, तो तिसराच. संस्कृत 'प्राप्' धातूतून आलेलं पावणे, म्हणजे मिळणे, पोचणे. पैसे पोचले की हातात पडते ती पावतीसुद्धा त्याच घरातली.

काकांना हे सगळं मी ग्रुपवरच लिहिलंय. तुमच्याकडे तो मेसेज आला तर कृपया पुढे ढकलू नका.