गालाचा कॅन्सर आणि टॉन्सिलचा कॅन्सर एक नाही

जळगाव-धुळ्याकडे पॅथॉलॉजीचं काम करताना एक प्रश्न सारखा कानावर येतो. 'आमच्या मामांनाही तोंडाचाच होता, ते शेक (रेडिएशन) घेऊन बरे झाले. मग यांचा जबडा कशाला कापायचा?' चोपडा, यावलकडून आलेली माणसं प्लास्टिकच्या पिशवीतून रिपोर्ट काढतात आणि विचारतात, 'साहेब, यामा काय लिखेल शे?' मामांच्या आणि यांच्या, दोन्ही रिपोर्टांत 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा'च, म्हणजे तोंडा-घशाच्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, असं लिहिलेलं असतं. घोळ तिथेच होतो.

आपल्या भागात हा आजार जास्त करून गालाच्या आत, खालच्या हिरडीलगत होतो. तंबाखू-चुन्याची गोळी तासन्‌तास दाबून ठेवतात, नेमकी तीच जागा. तिथे पेशीवर लगाम ठेवणारं टीपी-५३ हे जनुकच बहुधा बिघडलेलं असतं. भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये गाल-हिरडीच्या कॅन्सरची जनुकं तपासली, तेव्हा त्याच्या जोडीला एफएटी-१, कॅस्पेज-८, नॉच-१ हीही बिघडलेली सापडली. स्लाइडवर कांद्याच्या चकतीसारखे गुलाबी केराटिनचे (नखा-केसांत असतं त्या प्रथिनाचे) पदर दिसले की मला बहुतेक वेळा रुग्णाच्या खिशातली पुडी आठवते.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा एक प्रकार निराळा. तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तिथे टीपी-५३ बहुतेक वेळा शाबूत असतं, पण विषाणूचं ई-६ प्रथिन त्याने बनवलेलं प्रथिन नष्ट करतं आणि ई-७ आरबीला, म्हणजे पेशीची वाढ रोखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला, निकामी करतं. त्यामुळे पेशीत पी-१६ नावाचं प्रथिन साचतं. त्याच्या तपासणीत किमान ७० टक्के पेशींत गडद तपकिरी रंग चढला तर तो पॉझिटिव्ह. हे रुग्ण शेकाला आणि केमोला पुष्कळ चांगला प्रतिसाद देतात, म्हणून स्टेजिंगच्या (आजार किती वाढलाय ते ठरवायच्या नियमांच्या) आठव्या आवृत्तीत त्यांचा तक्ताच वेगळा केला.

माझा राग आहे तो गालाच्या गाठीवर सरसकट पी-१६ची तपासणी लावण्यावर. तिथे तो पॉझिटिव्ह आला तरी उपचार बदलत नाहीत. केळीचा हप्ता मोडून आलेल्या घराचे पैसे जातात आणि वर खोटी आशा लागते. पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी कामाची आहे, पण मुख्यतः आजार उलटल्यावर किंवा पसरल्यावर, इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा) विचार असेल तेव्हा.

गालाच्या गाठीत बघायची ती खोली. जखम २ सेंटीमीटरच असली तरी ५ मिलिमीटरपेक्षा आत गेली असेल तर गाठीच्या वाढीची पायरी टी-१ राहत नाही, टी-२ होते. जखम २ ते ४ सेंटीमीटरची असून खोली १० मिलिमीटरच्या पुढे गेली तर टी-३. आजार मानेतल्या गाठींत पसरण्याचा धोकाही खोलीबरोबर वाढतो.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात ही खोली लिहिलेली नसेल तर बिनधास्त मागा. आणि मुंबईला जायचं ठरलं तर कागदांबरोबर स्लाइड आणि तपासलेला तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही लॅबमधून घेऊन जा. तिथे ते पुन्हा तपासतात, आणि ब्लॉक नसला तर कधीकधी नव्याने तुकडा काढावा लागतो.