बर्फ साचायची वाट का पाहू नये

नमस्कार. विमानावर धरणाऱ्या बर्फाबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पंखावर बर्फ दिसताच रबरी बूट (पंखाच्या पुढच्या कडेवरच्या, हवा भरून बर्फ फोडणाऱ्या पट्ट्या) फुगवा, आणि बर्फाळ ढगात ऑटोपायलट बंद ठेवा, हे दोन्ही तुम्हाला पटलेलं नाही. अर्धा इंच थर जमू द्यावा, नाहीतर बुटावर बर्फाची पोकळ कमान धरते आणि ती मग निघतच नाही, असं तुमच्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं. मलाही तेच शिकवलं होतं आणि मी ते कित्येक वर्षं पाळलं.

ही शिकवण जुन्या बुटांची. त्यांच्या नळ्या मोठ्या होत्या आणि सावकाश फुगायच्या. आताचे बूट झटकन फुगतात, झटकन बसतात. पहिल्या फेरीत थोडा बर्फ चिकटून राहतो, हे खरं. पुढच्या फेऱ्यांत तो सुटतो. विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबी या संस्थेने २००८ मध्ये वैमानिकांना हेच बजावलं: विमानाच्या पुस्तिकेत स्पष्ट मनाई नसेल, तर बर्फाळ हवेत शिरताच बूट चालू करा. वाट पाहणं महागात पडतं. सँडपेपरइतका खरखरीत थरसुद्धा पंखाची उचल, म्हणजे विमान वर धरणारं बळ, ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो.

आणि आपल्याला दिसतो तो फक्त पंख. शेपटीची कड त्याहून बारीक, म्हणून तिथे बर्फ लवकर धरतो. एका हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवरावरच्या ढगांतून उतरलो, तेव्हा पंख स्वच्छ होते. हातमोजा काढून शेपटीवरून हात फिरवला. एलेव्हेटरच्या (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटीवरच्या हलत्या भागाच्या) टोकाला, जिथे बूट पोहोचत नाही, अंगठ्याएवढा खडबडीत गोळा घट्ट बसलेला होता. एलेव्हेटरचा तोल वजनावर सांभाळलेला असतो. तिथे असं ओझं चढलं की तो थरथरू लागण्याचा धोका असतो. त्या दिवशी मला हातात काहीच जाणवलं नव्हतं. ते अजून मनातून जात नाही.

आता ऑटोपायलट. ३१ ऑक्टोबर १९९४ ला इंडियानात रोझलॉनजवळ एटीआर-७२ हे प्रवासी विमान कोसळलं, ६८ जण गेले. ते छोटं विमान नव्हतं, पण धडा तोच आहे. बूट चालू होते; बर्फाची कड धरली ती बुटांच्या मागे, एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखावरच्या हलत्या भागाच्या) पुढे. फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवायला पंखामागून बाहेर काढायचे भाग) आत घेतल्यावर हवेचा प्रवाह तिथे सुटला आणि एलेरॉन आपणहून ओढला गेला. ऑटोपायलट आपोआप बंद झाला आणि विमान क्षणात कलंडलं. हात योकवर (वैमानिकाच्या हातातल्या सुकाणूवर) असता तर ते वाचलंच असतं, असं मी म्हणणार नाही. पण योक जड होतोय, ओढतोय, हे ऑटोपायलट तुम्हाला सांगत नाही. तो गुपचूप सावरत राहतो आणि त्याची ताकद संपली की सगळं एकदम तुमच्या हातात टाकतो.

कंट्रोल अधूनमधून हलवत राहावेत म्हणजे फटीत पाणी गोठून ते जखडत नाहीत, हा तुमचा मुद्दा मात्र अगदी बरोबर आहे. तो माझ्या लेखात राहून गेला होता, आज घालतो. आणि सेसना १७२ या छोट्या विमानासारख्या, बूट नसलेल्या विमानात हा वादच उरत नाही: बर्फ दिसला की मागे वळा किंवा उबदार हवेत उतरा, आणि उतरताना फ्लॅप कमी, वेग थोडा जास्त ठेवा.

तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत बुटांबद्दल नेमकं काय लिहिलंय, तेवढं कळवाल का?