बाकावर बसलेल्या आजीचं तिकीट

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना थीम पार्कला नेलं. मी, हे, सहा वर्षांची लेक, साडेतीन वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. आदल्या दिवशी दुपारी सोलापुरातून निघालो, टेंभुर्णीला चहा घेतला, रात्री पुण्यात नणंदेकडे मुक्काम. मुलं इतकी खुशीत होती की रात्री बारापर्यंत झोपली नाहीत. पाच जणांच्या तिकिटांचे ७,५०० रुपयांच्या वर गेले. त्याबद्दल तक्रार नाही, वर्षातून एकदा करतो आपण मुलांसाठी. मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

खिडकीवर धाकट्याला पट्टीपाशी उभं केलं. फुकट प्रवेशाच्या खुणेपेक्षा तो दोन बोटं उंच भरला, म्हणून त्याचं तिकीट लागलं. आत गेल्यावर पहिल्याच मोठ्या राइडपाशी पुन्हा पट्टी. तिथं खूण १२० सेंटिमीटरची. धाकटा सोडा, लेकसुद्धा बसेना. दिवसभरात तसं सहा ठिकाणी झालं. प्रत्येक वेळी धाकटा टाचा उंचावून उभा राहायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा.

राइडवर काम करणाऱ्या पोरांनी अडवलं ते योग्यच केलं, हे आधी सांगते. सीटवरचा दांडा आणि पट्टे ठराविक अंगकाठीला बेतलेले असतात. त्यापेक्षा लहान लेकरू वळणावर सटकू शकतं. तिथं कुणी 'जाऊ द्या हो एकदा' म्हणत असेल तर कृपा करून म्हणू नका. माझा प्रश्न खिडकीवरच्या पट्टीचा आहे. ज्या लेकराला निम्म्या पार्कात बसताच येणार नाही, त्याच्याकडून सगळ्या पार्काचे पैसे का घ्यायचे?

आणि सासूबाई. वय ६८, गुडघ्याचं दुखणं. त्या एकाही राइडमध्ये बसणार नव्हत्या, हे आम्हालाही ठाऊक होतं. ज्येष्ठांची थोडी सवलत मिळाली, तरी बरेच पैसे गेले. दिवसभर त्या बाकावर आमच्या पिशव्या, चपला, पाण्याची बाटली सांभाळत बसल्या. धपाटे, शेंगाचटणी, शेंगापोळ्या त्यांनीच पहाटे उठून केल्या होत्या. तो डबा फाटकावरच ठेवून घेतला. बाहेरचं खाणं चालत नाही. धाकट्याला तिखट फ्राइज आणि पिझ्झा नको होता, तो दुपारी भुकेनं रडला. परत येताना गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझं तिकीट काढलं नसतं तर पोरांना अजून काय काय घेता आलं असतं गं."

हे ऐकल्यापासून मला आपली सोलापूरची गड्ड्याची जत्रा आठवतेय.

सोलापूरकरांना सांगायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज, अक्षता, आणि मग होम मैदानावर पाळणे. तिथं आत शिरायला तिकीट नाही. पाळण्यात बसायचं असेल तर त्या फेरीचे पैसे द्यायचे. लहानांचा छोटा पाळणा, मोठ्यांचा आकाशपाळणा, ज्याचा त्याचा दर. लेक तीन फेऱ्या बसली तर तीन फेऱ्यांचे. आजी कडेला उभी राहून पोरांना हात दाखवते, तिच्याकडून कुणी काही मागत नाही. भूक लागली तर गरम भजी घ्या नाहीतर घरचा डबा सोडा. गड्ड्यात धूळ असते, गर्दीत लेकरू हरवायची भीती असते, पाळण्यांची तपासणी आणखी कडक व्हायला हवी. हे सगळं मान्य. पण पैशाचा हिशोब तिथं सरळ आहे.

मोठ्या पार्काला असं परवडत नाही, असं कुणी म्हणेल. पण अमेरिकेतलं डिस्नेलँड बघा, ते १९५५ साली उघडलं. तिथं कितीतरी वर्षं प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि राइडची कूपनं वेगळी होती. राइडप्रमाणे ए, बी, सी अशी अक्षरं, आणि १९५९ पासून सगळ्यात मोठ्या राइडसाठी ई. १९८२ मध्ये ती कूपनं बंद होऊन एकच तिकीट झालं. ते पार्क काढणारे वॉल्ट डिस्ने सांगायचे, की मुली मेरी-गो-राउंडवर फिरत असताना आपण बाकावर शेंगा खात बसलेलो असायचो, तेव्हा वाटलं आईबाप आणि मुलं मिळून रमतील अशी जागा हवी. बाकावरच्या माणसाचा विचार करूनच हे सगळं सुरू झालं होतं.

म्हणून माझी मागणी आहे. न खेळणाऱ्या आजी-आजोबांना साधं प्रवेशाचं, कमी दराचं तिकीट ठेवा. मुलाचा दर ठरवताना त्याला किती राइड खुल्या आहेत ते बघा आणि ती यादी खिडकीवर मराठीत, उंचीसकट लावा, म्हणजे आईबापांना आत जायच्या आधी कळेल. आणि पाच वर्षांखालच्या लेकराचा घरचा डबा आत सोडा. आमच्या धपाट्यांनी कुणाचं हॉटेल बुडणार नाही.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत, त्यांनी १२० सेंटिमीटर होईपर्यंत थांबावं असं माझं मत झालंय. आम्ही थांबणार आहोत. घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलीनं खूण केलीय. धाकटा रोज दूध प्यायल्यावर तिथं जाऊन उभा राहतो. आजीनं डोक्यावर पट्टी ठेवून बघायची, असं त्याचं ठरलेलं आहे.