कौन्सिलचं पार्किंग तिकीट फेकून देऊ नका

"युकेत पार्किंगचं तिकीट म्हणजे नुसतं बिल असतं, भरलं नाही तरी कोणी काही करत नाही" असा मेसेज इथल्या मराठी ग्रुपमध्ये परत फिरतोय, तो कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या, तिकिटाला अजिबात लागू नाही आणि त्यावर विसंबून लोकांचे खरंच पैसे जातात म्हणून लिहितेय. सुपरमार्केटच्या पार्किंगमधलं खासगी कंपनीचं तिकीट वेगळं असतं. इंग्लंडमध्ये कौन्सिलचं पीसीएन (पेनल्टी चार्ज नोटीस, म्हणजे हे दंडाचं तिकीट) 2004 च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्टखाली येतं, दुर्लक्ष केलं की रक्कम 50 टक्क्यांनी वाढते, मग कोर्टात नोंद आणि शेवटी वसुलीवाले दारात.

पटत नसेल तर भांडा ना, पण वेळेत! गाडीवर तिकीट लागलं की का पटत नाही ते 14 दिवसांत कौन्सिलला फोटोसकट कळवा, फेटाळलं तरी लवकर भरणाऱ्याला मिळणारी अर्ध्या रकमेची सवलत बहुतेक कौन्सिल पुन्हा देऊ करतात. नंतर गाडीमालकाच्या नावे नोटीस येते, तिला 28 दिवसांत उत्तर द्यायचं, तेही नाकारलं तर ट्रिब्युनल, म्हणजे अपील ऐकणारं न्यायाधिकरण, जे कौन्सिलपासून स्वतंत्र आहे आणि अपीलला फी नाही.

आणि ते "10 मिनिटं माफ असतात" पण अर्धवटच आहे, ती सूट बे मध्ये (पार्किंगसाठी आखलेल्या जागेत) नियमाप्रमाणे लावलेल्या गाडीची वेळ संपल्यावर मिळते, रस्त्याच्या कडेच्या पिवळ्या रेषेवर, जिथे गाडी लावायला बंधन असतं, तिथे नाही. एकेरी पिवळी रेषा असेल तर जवळची पाटी वाचा, दुहेरीला पाटी लागतच नाही, आणि फुटपाथच्या कडेवर छोट्या पिवळ्या खुणा दिसल्या तर तिथे सामान चढवण्या-उतरवण्यावरही बंधन आहे.