विजेचे खांब का पुसायचे?

पुढं बेळगावजवळच्या येळ्ळूरचं शिवार, मागं राजहंसगड. माझ्या चित्रांचा हा ठरलेला विषय. "दुसरं काय दिसत नाही काय ओ तुम्हाला?" असं कोणीतरी हमखास विचारतं. दिसतं की! जांबोटीचं जंगल, आंबोलीचं धुकं, सगळं रंगवून झालंय. पण ती चित्रं पाहुण्यानं काढल्यासारखी वाटतात.

शिवार नुसतं 'हिरवंगार' नसतं हो. कुरीनं पेरलेलं भात आधी काळ्या मातीवर जेमतेम रेघा ओढतं. मग पोपटी होतं. पोटरीला आलं की निळसर झाक येते, आणि लोंब्या वाकल्या की वर पिवळं, बुडाशी अजून हिरवं. ट्यूबमधला तयार हिरवा लावून हे कसं यायचं? ओल्या मातीसाठी मी काळा रंग घेतच नाही, अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळतो. जुलैत तर वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, वाळायचं नाव घेत नाही. गडाची कड आभाळात पसरते. पसरू देतो, पावसात गड तसाच दिसतो.

एकाच मुलखाला चिकटलेल्यांत माझा आवडता म्हणजे इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल. 'द हे वेन' हे त्याचं १८२१ चं चित्र. रंगवलं लंडनच्या स्टुडिओत, पण जागा लहानपणची, स्टूर नदीकाठची, वडिलांच्या फ्लॅटफर्ड गिरणीजवळची. ढगांच्या अभ्यासचित्रांमागं तो तारीख, वेळ, वारा लिहून ठेवायचा. आज आपण त्याला 'निसर्ग' म्हणून बघतो, पण गिरणी, कालव्याची दारं, मालाच्या होड्या हा त्याच्या घरचा धंदा होता. कामाची जमीन त्यानं कामासकट रंगवली.

आणि आपण? विजेचे खांब पुसतो, ट्रॅक्टर काढून बैलजोडी घालतो. कॅलेंडरला शोभतं ते. बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात पसरलेलं माझं एक चित्र आहे. बघणारा म्हणाला, "काय सुंदर तळं!" अहो, त्या तळ्याखाली भात कुजत होतं. प्रतिबिंब चांगलं जमलं होतं हे खरं, म्हणून तर मलाच ते चित्र बघवत नाही.

बेळगावात निसर्गचित्राला कमी मान नाही. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली रवी परांजपेंसारखे चित्रकार इथंच घडले. पण आजची पोरं मोबाईलवर काश्मीरचा फोटो शोधून त्यावरून निसर्गचित्र करतात. मला ते पटत नाही. त्या फोटोत वारा कुठून येतोय हे त्यांना कोण सांगणार?

आता शिवारातून हलगा-मच्छे बायपास. सुपीक जमीन जाते म्हणून शेतकरी किती वर्षं भांडले, कोर्टात गेले. "रस्ता नको दाखवू, आधीचं काढ," असा सल्ला मला प्रेमानं मिळतो. मी दाखवणार. अडचण वेगळीच आहे: भरावाची सरळ आडवी रेघ गडाचा पायथाच कापते आणि नजर तिथंच अडकते. सध्या तिच्यापुढं मसुराची एक पट्टी घेऊन बघतोय.